हाकेचा आकडा

आईनं शोरूममध्ये घरचा पाट नेला होता. जेवायला बसायचा, पितळी फुल्यांचा, चांगला जड पाट. चौगुले नावाच्या विक्रेत्यानं आयुष्यात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कुणी टायरला लाथ मारून बघतं, कुणी डिकीत डोकं घालून वास घेतं. पण गाडीच्या दाराशी पाट मांडून, त्यावर पाय देऊन, साडी सावरत थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसणारी बाई त्याला नवी होती.

"पाटावरून माईवन्सं चढतील," आई आतून ओरडली. "पण मिनू, इथं मागं गुडघे कानाला लागतात गं."

"काकू, तिसरी रांग पोरांसाठी असते," चौगुले अदबीनं म्हणाला.

"पोरं आहेत कुठं आमच्याकडं?" आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

ते हसू मृण्मयीच्या, म्हणजे मिनूच्या, मनाला लागलं. ती एकुलती एक, वय एकोणचाळीस, पुण्यात फिजिओथेरपिस्ट. आईबाबांना गाडी निवडायला मदत करायची म्हणून दोन दिवस रजा टाकून कोल्हापूरला आली होती. दोन म्हाताऱ्या माणसांना सात जणांची गाडी कशाला, हा प्रश्न चौगुलेनं विचारला नाही, पण त्याच्या भुवयांनी विचारला.

कारण साधं होतं. बाबा, म्हणजे दिनकर तावडे, चार भावंडांतले धाकटे. वय एकाहत्तर. वरती बेबी आत्या पंचाहत्तर, अण्णाकाका एकोणऐंशी आणि माई आत्या चौऱ्याऐंशी. सगळ्यांची मुलं देशोदेशी पांगलेली. दर नवरात्रात अष्टमीला ही मंडळी काकू आणि आईसकट गगनबावड्याचा घाट उतरून कोंडवण्याला जात आणि कुळाच्या पावणाईची ओटी भरत. धाकटा म्हणून गाडी बाबांनी चालवायची, असा पन्नास वर्षांचा शिरस्ता. गेल्या वर्षी जुनी गाडी सरकारी नियमानं भंगारात गेली. बिनचालकाच्या टॅक्स्या गगनबावड्याच्या खाली उतरत नसत, कारण खालचे रस्ते त्यांच्या नकाशातच नव्हते. आणि भाड्यानं मिळणारा माणूस ड्रायव्हर ही जात तर केव्हाच संपली होती. "मी गाडी घेऊन येते, मी नेते सगळ्यांना," असं मृण्मयीनं कबूल केलं होतं. सप्तमीला दुपारी तिनं फोन केला, की जमत नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ओटी राहिली. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं होतं.

या नव्या गाड्यांचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. रस्ता धड असला की गाडी आपली आपण चालते. माणसानं नुसतं चाकामागं बसायचं. समोर ठळक काही आडवं आलं, म्हैस, ट्रक, भिंत, तर ती आपणच थांबते. खरी गोची होते ती संशयाची. समोर दिसतंय ते दगड आहे की सावली, पाणी आहे की खड्डा, हे तिला ठरवता येत नाही तेव्हा काय? सुरुवातीच्या वर्षांत गाड्या अशा वेळी आपल्या मनानं काहीतरी करत. मग अपघात झाले, खटले झाले आणि शेवटी कायदा आला, की संशय आला की निर्णय माणसाचा. तेव्हापासून गाडीला शंका आली की ती टण्ण आवाज करते, आसन थरथरवते आणि ठरावीक सेकंद मोजून चाक चालकाच्या हाती सोडते. कंपनीच्या पुस्तकात त्याला सोपवणी म्हणतात. लोक म्हणतात, गाडीनं हाक मारली.

हाक ऐकल्यावर माणसाला आधी नजर उचलावी लागते, मग समोर काय आहे ते समजून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर कुठं हातपाय हलतात. याला लागणारा वेळ ज्याचा त्याचा वेगळा. म्हणून नवी गाडी पहिले आठशे किलोमीटर चालकाला जोखते. मुद्दाम लहानसहान हाका मारून बघते आणि त्यावरून त्याचा आकडा ठरवते. तो आकडा चालकाच्या कार्डावर आणि परिवहन खात्याच्या दप्तरी चढतो. तीन सेकंदांच्या वर गेलात, की घाट बंद आणि तिसरी रांगही बंद. सात जणांचा जीव मंद हातांत द्यायचा नाही, असा सरळ कायदा. गाडीत कॅमेरे लावून माणसांचे चेहरे टिपायला कोर्टाची मनाई होती, त्यामुळे चाकामागं कोण बसलंय हे गाडीला फक्त कार्डावरून कळायचं.

शोरूममध्ये चाचणीची एक खुर्ची होती. बाबा तिच्यावर ऐटीत बसले. चौतीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला होता, अर्ध्या जिल्ह्याला गाडी चालवायला शिकवली होती. खुर्चीनं दहा हाका मारल्या. पडद्यावर आकडा आला, चार पूर्णांक एक.

"खुर्ची बिघडलीय तुमची," बाबा म्हणाले.

"असेल की काका," चौगुले चटकन म्हणाला. "खुर्चीचा आकडा कुठं चढत नाही. आठशे किलोमीटरचा चढतो. पण मी काय म्हणतो, ही पाच जणांची बघा. तुम्हा दोघांना ऐसपैस."

"आणि माईला टपावर बांधू काय?"

 खुर्ची बिघडलेली नाही, हे मृण्मयीला ठाऊक होतं. दिवाळीत मान चोळून देण्याच्या निमित्तानं तिनं बाबांची मान किती वळते ते पाहून ठेवलं होतं. निम्मीसुद्धा वळत नव्हती.

घरी आल्यावर बाबा पेपर उघडून बसले आणि तासभर पान उलटलं नाही. आईनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच विषय काढला.

"माझ्या लायसनसाठी आठ कुणी काढला, ठाऊक आहे ना? एजंटच्या भाच्यानं. मी कडेला उभी राहून लिमलेटची गोळी चघळत होते. चव्वेचाळीस वर्षं झाली, कुणी विचारलं? यांच्या कार्डावर मिनूनं आठशे किलोमीटर चालवली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. पण ते ऐकत होते.

नको म्हणायची ती वेळ होती. मृण्मयीनं मनात भराभर हिशेब मांडला. आठशे किलोमीटर म्हणजे पाच-सहा रविवार. नाहीतर दर वर्षी अष्टमीला रजा, दर वर्षी कबूल करणं आणि दर वर्षी सप्तमीचा तो फोन. पाच-सहा रविवारांत जन्माची सुटका होत होती.

"चालवते की," ती म्हणाली.

आपण काही खोटं करतोय, असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. बापाचं काम लेकीनं केलं, एवढंच. गुढीपाडव्याला 'अनंता' नावाची ती सात जणांची गाडी दारात आली. तिच्या चाकांखाली लिंबं चिरडली गेली, आईनं हळदकुंकू वाहिलं, आणि पुढच्याच रविवारपासून मृण्मयी बाबांचं कार्ड खाचेत सरकवून बाबांची गाडी चालवायला लागली.

ते रविवार मात्र फार सुखाचे गेले. पन्हाळा, राधानगरी, जोतिबाचा डोंगर, कधी नुसतंच आजऱ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन परत. बाबा डाव्या सीटवर पाय रोवून बसायचे, तिथं नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायचे आणि वर्गातल्या सवयीनं 'हं', 'बघ', 'सोड' असं पुटपुटत राहायचे. लहानपणी सायकल शिकवतानासुद्धा ते असेच मागून पुटपुटत धावायचे. इतक्या वर्षांत तिला बापाशेजारी असं निवांत बसायला मिळालं नव्हतं.

आठशेवा किलोमीटर पडला आणि आकडा आला, एक पूर्णांक नऊ.

"काका, पंचविशीतल्या पोरांचासुद्धा एवढा येत नाही!" चौगुलेनं फोन करून सांगितलं. बाबांनी तो निरोप आधी आईला, मग अण्णाकाकांना, मग सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितला. पहिल्या वेळी सांगताना ते मृण्मयीकडे बघून डोळा मारायचे. दुसऱ्या महिन्यात डोळा मारायचे विसरले. श्रावण येईतो तो आकडा त्यांना स्वतःचाच वाटायला लागला होता.

*

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मृण्मयीच्या दवाखान्यात श्रीरंग ढवळे नावाचा पेशंट पालथा पडून होता. खांदा आखडलेला. गाड्यांच्या सोपवणीची तपासणी करणं हे त्याचं काम, आणि बोलणं हा त्याचा छंद.

"लोकांना वाटतं, आकडा कमी म्हणजे गाडी जास्त सुरक्षित," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "उलट आहे. चालक तरबेज आहे म्हटल्यावर गाडी शेवटपर्यंत स्वतःच बघत राहते. हाक अगदी अखेरच्या क्षणाला."

"म्हणजे किती?"

"जेवढा आकडा तेवढीच. चार असेल तर चार सेकंद आधी. दोन असेल तर दोन. लवकर हाका मारल्या की माणसं वैतागतात, मग ऐकेनाशी होतात. म्हणून गाडीला सांगितलंय, याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, एक कणभर जास्त नाही."

मृण्मयीचे हात त्याच्या खांद्यावर थांबले.

"आणि आकडा चुकीचा असेल तर?"

"चुकीचा कसा असेल? आठशे किलोमीटर मोजलेला असतो," ढवळे म्हणाला. मग त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "का हो?"

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिनं बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"चार-पाच महिने चालवतोय मी," ते म्हणाले. "एकदा हाक आली, तीसुद्धा शेणाचा पो बघून. शहरात येतेय कुठं हाक?"

"शहरात नाही येत, बाबा. घाटात येते. आणि तुम्हाला चार सेकंद लागतात. गाडी दोनसुद्धा देणार नाही."

"खुर्ची बिघडली होती."

"नव्हती बिघडली."

 तिला माहीत होतं, आता खरं सांगून आकडा रद्द करायचा तर तिसरी रांग बंद, ओटी यंदाही बंद. माई आत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आणि खात्याला कळलं, की दुसऱ्याकडून आकडा काढून घेतला, तर बाबांना जन्मात कार्ड मिळणार नाही. गाडी शिकवत आयुष्य काढलेला माणूस.

"मी येते," ती म्हणाली. "मीच चालवते. माझ्या कार्डावर आकडा नाही, म्हणून तुमच्याच कार्डावर. आकडा माझाच तर आहे, बाबा. मी चाकामागं असले की सगळं खरंच होतं ना?"

"चालतंय की," बाबा म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

*

अष्टमीला पहाटेच्या बसनं ती कोल्हापुरात उतरली. रात्री झोप अशी लागलीच नव्हती. दारात सगळी मंडळी जमली होती. ओटीचं सामान, नारळ, खण, डबे, पाण्याच्या बाटल्या, आणि तो पाट.

"दिन्या, तू मागं रे कशाला?" माई आत्या काठी आपटत म्हणाल्या. "एवढा तुझा आकडा गाजतोय आणि पोरगी चालवणार?"

"तिला हौस आहे," बाबा म्हणाले आणि कुणाला काही बोलू न देता तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. आई मृण्मयीकडे एकदा बघून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पुढं माई आत्या, मधे अण्णाकाका, काकू आणि बेबी आत्या. मृण्मयीनं बाबांचं कार्ड सरकवलं. हिरवा दिवा लागला. गाडीच्या लेखी चाकामागं दिनकर तावडे बसले होते.

गगनबावड्यापर्यंत गप्पांना ऊत आला होता. घाट सुरू झाला आणि धुकं आलं. रस्ता ओला, दरीकडचा कठडा दिसतोय न दिसतोय. गाडी आपली आपण सावकाश उतरत होती. मृण्मयी चाकावर हात ठेवून बसली होती. माई आत्यांनी विचारलं, "निनाद का गं आला नाही?" नवऱ्याला का यायचं नव्हतं ते खरं सांगावं की नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला, आणि तेवढ्यात टण्ण झालं.

आसन थरथरलं. तिनं नजर उचलली. समोर पांढरं काहीतरी होतं. धुकं असेल, नाहीतर कापड, किंवा माणूस. मग कळलं, की पावसात रस्त्याची अर्धी बाजू खचली होती आणि तिथं पांढरी पिंपं उभी केली होती. कळेपर्यंत चाक तिच्या हातात आलेलं होतं. तिनं ते फिरवलं, उशिरा फिरवलं. पिंपं उडाली, गाडीची डावी बाजू कठड्यावर करकरत घासत गेली, आणि माई आत्यांच्या खिडकीबाहेर नुसतं पांढरं, खाली काहीही नसलेलं धुकं उभं राहिलं. गाडी थांबली.

काकू पावणाईचं नाव घेत रडायला लागल्या. कुणाला फारसं लागलं नव्हतं. बेबी आत्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, एवढंच.  मृण्मयीला एकच कळत नव्हतं. एक पूर्णांक नऊ सेकंद तिचेच होते. मग पुरले का नाहीत?

"मिनू," सगळ्यात मागून बाबांचा आवाज आला. "उन्हाळ्यात मी शेजारी असायचो. हाक मारायच्या आधी गाडी किंचित अडखळते. इंजिनाच्या गाड्या होत्या तेव्हा कळायचं तसं मला ते पायांत कळतं. मी आधीच 'हं' म्हणायचो. तू त्या 'हं'वर हात हलवायचीस. मला हे आत्ता कळलं."

म्हणजे तो आकडा तिचा नव्हता. बाबांचाही नव्हता. दोघं शेजारी बसले तर कदाचित होता, आणि आज तर त्या दोघांमध्ये गाडीची पूर्ण लांबी होती.

पडद्यावर अक्षरं उमटली. सोपवणी उशिरा स्वीकारली गेली. चालकाचा अवधी १.९ सेकंद कायम ठेवायचा? होय. नाही.

'नाही' म्हटलं की काय होणार, ते तिनं ढवळेला विचारून घेतलं होतं. कार्डावरचा आकडा पुसला जातो, चालक अनोळखी ठरतो. घाटात अडकलेल्या अनोळखी चालकाला गाडी त्या दिवसापुरता घाट उतरू-चढू देते, पण तिसऱ्या रांगेवर वजन असेपर्यंत ती तसूभर हलत नाही.

"होय दाब की," अण्णाकाका म्हणाले. "सात किलोमीटर राहिलंय. सावकाश जाऊ."

"होयच दाब बाई," काकू म्हणाल्या. "इथं मधेच कुठं थांबायचं?"

"बाबा, तुम्ही पुढं या," मृण्मयी म्हणाली. "शेजारी बसा. 'हं' म्हणा."

"माईला मागं चढवणार कोण? पलीकडं दरी, दार उघडत नाही तिचं," बाबा म्हणाले. "नाही दाब."

"अरे दिन्या, पण का?" माई आत्यांनी वळून विचारलं. "तुझा आकडा आहे ना चांगला?"

"माझा नाहीय तो, माई." बाबा हे इतक्या मोठ्यानं बोलले, की काकूंचं रडणं थांबलं. "माझा चार एक आहे. शोरूममध्ये आलेला. मी पोरीकडून दुसरा काढून घेतला आणि चार-पाच महिने मिरवला. आत्ता तुम्हा सगळ्यांना दरीत घालणार होतो. नाही दाब, मिनू."

चौतीस वर्षांच्या मास्तरकीनंतर त्यांना आपल्या थोरल्या भावंडांसमोर हे बोलावं लागलं. मृण्मयीला मागं वळून त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. तिनं 'नाही' दाबलं.

*

आई आणि बाबा उतरले. बेबी आत्या उतरायला निघाल्या तेव्हा आईनं त्यांना परत बसवलं. "कपाळ फुटलंय तुमचं, वन्सं. आम्ही दोघं बसतो इथं कठड्यावर. अर्ध्या तासाचा तर प्रश्न." फोनला रेंज नव्हती. चंद्रावर घरं बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या, पण त्या घाटात रेंज काही आली नव्हती. बाबांनी शालीनं आईचे खांदे झाकले. मृण्मयीनं गाडी हलवली. मागच्या पडद्यावर गाडीनं दोघांभोवती दोन पिवळ्या चौकटी आखल्या होत्या. दहा-बारा हात गेल्यावर चौकटी पुसल्या गेल्या. दोघं दिसत होती, पण गाडीला आता त्यांचं काही पडलं नव्हतं.

अनोळखी चालकाला गाडी सहा सेकंद देत होती आणि भित्र्यासारखी पावलोपावली हाका मारत होती. फांदीला हाक, ओलीला हाक, पाटीला हाक. मृण्मयी प्रत्येक वेळी दचकत होती. सात किलोमीटर उतरायला पाऊण तास लागला. देवळापाशी चौघांना उतरवून, कुणीतरी पुढं केलेलं पाणीही न पिता ती उलटी फिरली.

घाट चढताना धुकं आणखी दाट झालं होतं. सगळा वेळ तिच्या डोळ्यांपुढं तो कठडा होता. वरून एखादा ट्रक आला असेल तर? आईला थंडी बाधली असेल तर? आईबाप आपण रस्त्यावर ठेवून आलो, साध्या, कायदेशीर कारणासाठी ठेवून आलो, हे तिच्या मनातून जाईना. खरं म्हणजे ते आज घडलं नव्हतं. गेल्या सप्तमीच्या फोनपासून, त्याच्याही आधीपासून ती त्यांना असंच कुठंतरी ठेवून पुढं जात आली होती.

टण्ण झालं.

वळणाच्या अलीकडं रस्त्यावर आडवी काळी ओळ होती. दगड. गाडी बंद पडली की आपल्याकडं मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यात दगड मांडतात, फांदी टाकतात, तशी कुणीतरी ओळ मांडली होती. मोडलेली फांदी, सात-आठ दगड आणि मधोमध एक मोठा दगड. तिला वाटलं, डावीकडून निघेल गाडी. मग वाटलं, नाही निघणार. मग तो मोठा दगड हलला. हलला म्हणजे काय, हे तिला लगेच कळलं नाही. बाबा ओणवे होऊन शेवटचा दगड ठेवत होते.

ब्रेकवर पाय कधी पडला ते तिला आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा बाबांचा एक हात बोनेटवर टेकलेला होता आणि दुसऱ्या हातात तो दगड तसाच होता. आई पलीकडं कठड्यावर शाल पांघरून बसली होती. तिला गाडी येऊन लागू नये, म्हणून बाबांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन ती ओळ मांडली होती.

बाबा सावकाश चालत तिच्या खिडकीशी आले. काच खाली होती. पडद्यावर अक्षरं होती आणि दोघांनीही ती वाचली. सोपवणी स्वीकारली. चालकाचा अवधी ५.४ सेकंद.

"किती दिले होते तिनं?" बाबांनी विचारलं.

"सहा."

मृण्मयीनं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. सकाळचा आकडा ठेवला असता, तर गाडीनं दोन सेकंदही दिले नसते, आणि बाबा आत्ता या खिडकीशी उभे नसते. आणि तिला साडेपाच सेकंद लागले होते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला चार लागतात, म्हणून जिनं त्याच्या हातातलं चाक काढून घेतलं होतं, तिला.

बाबांना हे सगळं एका नजरेत कळलं. त्यांनी हातातला दगड रस्त्याच्या कडेला नीट ठेवला.  

"अहो, चला की आता," कठड्यावरून आई म्हणाली. "ओटीची वेळ टळेल. माईवन्सं खोळंबल्यात तिकडं."

खाली सात किलोमीटर घाट धुक्यात बुडलेला होता. बाबांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मृण्मयीनंही पाहिलं. कुणी चालवायचं, हे दोघांपैकी कुणीच बोलेना.